कुसुंबी

तर झालं असं की गेल्या जुलैमध्ये माझ्या भाच्यानं जपानहून एक फोटो पाठवला. पोरगा तिकडे नोकरीला आहे, सुट्टीत भटकत असतो. फोटोत डोंगराच्या पायथ्याशी पिवळ्या-केशरी फुलांचं शेत, आणि त्या शेतासमोर छत्र्या घेऊन उभी राहिलेली, मोबाइल सरसावलेली माणसं. खाली लिहिलं होतं, "आत्या, ओळख पाहू!"

ओळखायचं काय त्यात? करडई! आपली काटेरी करडई. वऱ्हाडात नि मराठवाड्यात ज्वारीच्या, हरभऱ्याच्या कडेनं दोन-चार ओळी लावतात, गुरं आत शिरू नयेत म्हणून. कोवळी असताना भाजी करून खातात, मग काटे आले की तिच्या वाटेला कुणी जात नाही, बिया निघाल्या की तेल. तिच्यासमोर उभं राहून कुणी फोटो काढताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी तसं त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "इथे यामागाता प्रांताचं हे मानाचं फूल आहे. याच्यासाठी जत्रा भरवतात. यापासून लाल रंग करतात. कुरेनाई म्हणतात त्याला."

लाल? करडईचं फूल पिवळं. फार तर केशरी. लाल कुठून आला?

आणि मग मला एकदम आजी आठवली. आणि आजी आठवली की तिचं बासन आठवतंच.

नव्या मुलांसाठी सांगते, बासन म्हणजे पोथी गुंडाळायचं फडकं. आजीच्या शिवलीलामृताच्या पोथीला एक मलमलचं बासन होतं. ते आजीच्या आईनं तिला लग्नात दिलेलं. हिंगणघाटजवळच्या गावी घरच्याच शेतातली फुलं वेचून तिनं ते घरीच रंगवलं होतं, असं आजी सांगायची. त्याला आजी "कुसुंबी बासन" म्हणायची. आम्ही पाहिलं तेव्हा ते कसंबसं गुलाबी होतं, तेही घडीच्या आतल्या बाजूला. आम्ही भावंडं हसायचो. "आजी, हे तर धड गुलाबीपण नाही!" ती म्हणायची, "तुमच्या डोळ्याले नाही. माझ्या आहे."

मी कॉलेजात असताना एका दिवाळीच्या आधी घरातले सगळे पडदे, अभ्रे, चादरी धुवायला काढल्या. उत्साहाच्या भरात ते बासनही बादलीत टाकलं, गरम पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा घालून. तासाभरानं पाहते तर पाणी तांबूस-पिवळट झालेलं आणि बासन स्वच्छ. इतकं स्वच्छ की त्याच्यावर काहीच उरलं नव्हतं. मी ते पाणी मोरीत ओतून दिलं आणि ओलं फडकं हातात घेऊन आजीसमोर जाऊन उभी राहिले. मला वाटलं रागावेल. तिनं ते हातात घेतलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, "गेला का? जाऊ दे. जायाचाच रंग होता तो."

बस्स. पुन्हा त्याबद्दल कधी बोलली नाही. पण त्यानंतर पोथी लाल खादीच्या नव्या कापडात आली, आणि ते पांढरं बासन तिच्या पेटीत तळाशी गेलं. ती पेटी आता माझ्याकडे आहे.

भाच्याच्या फोटोनंतर मी जरा शोधाशोध केली. पहिलीच गोष्ट लागली ती अशी की कुसुंब म्हणजेच करडई. संस्कृतात कुसुम्भ. म्हणजे आजी रंगाचं नव्हे, फुलाचं नाव घेत होती. लिनिअसनं १७५३ साली वनस्पतींना नावं दिली तेव्हा करडईच्या नावात 'टिंक्टोरियस' घातलं, म्हणजे रंगाऱ्यांची. तेलाची नव्हे, रंगाची! आपण तिला फक्त घाण्यावर ओळखतो.

आणि गंमत पाहा, आपल्या नागपूरपासून ५० किलोमीटरच्या आत रामटेक. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. त्या कालिदासाच्या नावावर असलेल्या ऋतुसंहारात वसंताचं वर्णन आहे, आणि त्यातल्या विलासिनींनी नेसलेली रेशमी वस्त्रं कुसुंभाच्या रंगानं लालसर झालेली आहेत. करडईही फुलते ती थंडी सरता सरता, वसंताच्या तोंडावरच. पण रामटेकला आम्ही किती वेळा गेलो, गडावर यक्षाच्या आणि मेघाच्या गोष्टी किती वेळा ऐकल्या, खालच्या शेतातली करडई त्या कवितेत आहे हे कुणी सांगितलं नाही.

आता लाल कुठून येतो ते सांगते, कारण माझा गुन्हा तिथंच दडलेला आहे.

करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. एक पिवळा, तो भरपूर असतो आणि साध्या पाण्यात विरघळतो. दुसरा लाल, त्याला कार्थामिन म्हणतात. तो वाळलेल्या पाकळीत एक टक्क्याहूनही कमी असतो आणि साध्या पाण्याला दाद देत नाही. तो फक्त खारात सुटतो, म्हणजे सोड्याच्या नाही तर राखेच्या पाण्यात. म्हणून पद्धत अशी: पाकळ्या फडक्यात बांधून थंड पाण्यात मळायच्या, पिवळं पाणी फेकायचं, पुन्हा मळायच्या, पुन्हा फेकायचं. पिवळं यायचं थांबलं की त्याच पाकळ्या खाराच्या पाण्यात टाकायच्या. मग लाल सुटतो. त्यात कापड बुडवायचं आणि वरून लिंबू पिळायचं. आंबट पडलं की लाल रंगाला पाण्यात राहवत नाही, तो धाग्याला जाऊन बिलगतो.

आणि हे सगळं थंड. पळसाची फुलं आपण होळीला खुशाल उकळतो, पण कुसुंबाला ऊन पाणी सोसत नाही, रंग मरतो.

वाचता वाचता मी थांबले. म्हणजे ज्या सोड्यानं तो रंग पाकळीतून बाहेर येतो, त्याच सोड्यानं तो कापडातूनही बाहेर येतो. मी त्या दिवशी बादलीत दुसरं काही केलं नव्हतं, आजीच्या आईनं केलेलं काम उलट्या बाजूनं केलं होतं. आणि रंग मेला नव्हता लगेच, तो त्या तांबूस पाण्यात होता. बादलीत तेव्हा दोन लिंबं पिळली असती, तर त्यातला काही ना काही परत बासनावर आला असता. लिंबं घरात होती हो. दिवाळीचे दिवस, टोपलीभर होती. मी पाणी मोरीत ओतलं.

असो. जपानकडे वळू.

तिकडे हे फूल पश्चिमेकडून, चीनमार्गे गेलं. करडई मूळची पश्चिम आशियातली. 'कुरेनाई' या शब्दातच तो प्रवास आहे. कुरे म्हणजे चीनमधला वू देश, आणि आई म्हणजे नीळ. निळीला ते सर्व रंगांचं प्रातिनिधिक नाव मानत, म्हणून 'वू देशाहून आलेला रंग'. तिथेही पद्धत तीच. खारासाठी गवताच्या काड्यांची राख, आंबटासाठी शिरका किंवा धुरी दिलेली आंबट फळं. इ. स. ९२७ मध्ये पुरा झालेला एंगिशिकी नावाचा दरबारी नियमांचा ग्रंथ आहे. त्यात कुठल्या छटेला किती फुलं, किती शिरका, किती सरपण, हे सगळं लिहून ठेवलंय. आपल्याकडे रुखवताची यादी असते तसं!

लाल इतका थोडा निघतो म्हणून तो महाग. महाग म्हणून मग बंदी. गडद कुसुंबी नेसण्याचा मान राजघराण्याचा आणि वरच्या सरदारांचा. बाकीच्यांना परवानगी होती ती एका फिक्या छटेची. एक किन, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम फुलांत दोन पोशाखांचं रेशीम रंगवलं की जो गुलाबी येतो, तेवढाच. त्याहून गडद नाही. त्या छटेचं नावच इक्कोनझोमे, 'एका किनाची रंगाई'. भाच्यानं त्या रंगाचा चौकोन मला पाठवला. मी तो मोठा करून कितीतरी वेळ पाहत बसले. आजीच्या बासनाच्या घडीतला रंग! आम्ही ज्याला "धड गुलाबीपण नाही" म्हणून हसलो, त्याला तिकडे हजार वर्षांपूर्वी स्वतःचं नाव होतं, वजनमाप होतं.

पुढे एदो काळात यामागातातली फुलं कुटून, आंबवून, त्यांच्या चपट्या वड्या करून मोगामी नदीतून होड्यांनी साकाता बंदरात आणि तिथून समुद्रमार्गे क्योतोकडे जात. तिथे रंगारी वाट पाहत असत. ओठांना लावायची लालीही त्याचीच. ती वाटीच्या आत लेपून वाळवली की मोरपिसासारखी हिरवी चमकते आणि ओलं बोट लावलं की लाल होते. तोळ्याला तोळा सोनं, असा तिचा भाव सांगत.

पण फुलं वेचायची कुणी? काट्यांमुळे पहाटेच, दव असताना, काटे मऊ असतात तेव्हा. इसाओ ताकाहाताचा 'ओमोहिदे पोरो पोरो' हा १९९१ सालचा सुंदर चित्रपट आहे. त्यात तोक्योची एक नोकरदार मुलगी यामागातात नातेवाइकांकडे ही फुलं वेचायला येते. त्यात ती सांगते की जुन्या काळी वेचणाऱ्या मुलींची बोटं काट्यांनी रक्ताळत, आणि तो लाल रंग त्यांच्या ओठांना कधी लागत नसे. चित्रपट मी या निमित्तानं पाहिला आणि मला आमच्याकडच्या बाया आठवल्या. करडईची कापणीही भल्या पहाटेच करतात, हाताला फडकी गुंडाळून. काटे तेच, दव तेच. एवढाच फरक की आजीच्या आईनं आपल्या शेतातला रंग स्वतःच्या लेकीला नेसवला नसेल, पण निदान तिच्या पोथीला तरी दिला.

आता या रंगाच्या बदनामीबद्दल. कुसुंबी टिकत नाही. उन्हानं जातो, धुण्यानं जातो, नुसत्या वर्षांनीही जातो. ही गोष्ट दोन देशांच्या कवींनी एकमेकांना न विचारता एकाच कामाला लावली आहे.

इ. स. ७४९ च्या सुमारास ओतोमो नो याकामोची हा कवी एका प्रांताचा सुभेदार होता. त्याच्या हाताखालचा एक कारकून घरची बायको सोडून एका नाचणारणीच्या नादी लागला. साहेबानं त्याला कवितेत झापलं. आशय असा की कुसुंबी रंग डोळ्यात भरतो पण उडतो, रोजच्या वापरातल्या, ओकाच्या फळांनी रंगवलेल्या साध्या कपड्याची सर त्याला नाही. ती कविता मान्योशू या त्यांच्या जुन्या संग्रहात आहे.

आणि आपल्याकडे चौदाव्या शतकातला विश्वनाथ साहित्यदर्पणात प्रेमाचे तीन प्रकार सांगतो, तीन रंगांवरून. नीलीराग, म्हणजे निळीसारखा. तो फार झळकत नाही पण मनातून जातही नाही. मंजिष्ठाराग झळकतोही आणि टिकतोही. आणि कुसुंभराग? झळकतो, पण जातो. संस्कृतात राग म्हणजे रंगही आणि प्रेमही, त्यामुळे हे सगळं एका शब्दात बसतं. (मराठीत त्या रागाचं नुसतं रागावणं उरलं. प्रेम अनुरागात गेलं आणि रंग उडाला की वैराग्य!)

म्हणजे जपानी सुभेदार आणि ओडिशाचा पंडित, दोघंही एकच सांगतात: या रंगावर विसंबू नका. आजीचंही तेच म्हणणं. जायाचाच रंग होता तो.

मग पक्का रंग कुठला? आपल्या भागात तो आलचा होता. आल म्हणजे बारतोंडी, तिच्या मुळ्यांतून लाल निघतो आणि फिटकरीच्या जोडीनं कापडात घट्ट बसतो. रंगारी नि छिपे त्यावर जगत. पण १८६८ साली जर्मनीत ग्रेब आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतला लाल, अलिझरिन, डांबरापासून प्रयोगशाळेत तयार केला. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा मोठा ग्रंथ निघाला, त्यात छिप्यांबद्दल लिहिताना नोंद आहे की आलची जागा जर्मनीहून येणाऱ्या अलिझरिननं घेतली आहे, कारण ते सुमारे तीस टक्क्यांनी स्वस्त पडतं. पक्क्या रंगाची ही गत, तर कच्च्या कुसुंबीची काय कथा? तोवर नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ पासून सुरू झालेली होती. (आज त्या जागेवर मॉल आहे.) गिरणीचं कापड आणि पुडीतला रंग, दोन्ही बाजारात आले. जपानातही तेच झालं. ज्या १८६८ साली अलिझरिन निघालं त्याच साली तिकडे मेइजी राजवट आली, बंदरं खुली झालेलीच होती, चीनची स्वस्त फुलं आणि पाठोपाठ पुडीतले रंग आले, आणि यामागातातली शेतं ओस पडली. त्यांनी ती पुढे पुन्हा लावली. आपल्याकडे करडई तेलासाठी टिकली खरी, पण काट्यांना कंटाळून, मजूर मिळेना म्हणून, आणि हरभऱ्याला भाव बरा म्हणून तीही वर्षागणिक आटत चालली आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याचा वाण काढला, पण गावोगावी धुऱ्यावर दिसायची ती करडई आता शोधावी लागते.

मला शोधावी लागली. आधी इतवारीत गेले. करडईची फुलं मागितली तर दुकानदारानं तेलाचा डबा पुढे केला. नाही म्हटल्यावर आतून एक पुडी आणली, "घ्या बाई, केशरासारखंच आहे." वास घेतला, करडईच! केशरात भेसळीला वापरतात ती हीच. पण जुनी, उन्हात भाजलेली. शेवटी या फेब्रुवारीत वर्ध्याकडच्या एका ओळखीच्या शेतात गेले. धुऱ्यावर दोन ओळी होत्या. फुलं पिवळ्याची केशरी होऊन लालसर कोमेजायला लागतात तेव्हा वेचायची. पहाटे साडेपाचला वेचायला लागले आणि आठपर्यंत पिशवीचा तळ झाकला गेला. बोटांचं म्हणाल तर चित्रपटात खोटं काही नव्हतं.

पाकळ्या सावलीत वाळवल्या. दोन दिवस माठाच्या पाण्यात मळल्या. स्वयंपाकघर पिवळं झालं, सून हसून म्हणाली, "आई, काय करून राहिल्या तुम्ही?" मग सोड्याचं पाणी. तेच, धुण्याच्या सोड्याचं. पाणी विटकरी झालं. पेटीतलं पांढरं बासन काढलं, बुडवलं आणि लिंबू पिळायला लागले. तिसऱ्या लिंबाला पाणी आधी फसफसलं, मग एकदम लालबुंद झालं. नात ओरडली. मीही ओरडले असेन. अर्ध्या तासानं बासन वर काढलं तेव्हा ते गुलाबी होतं. गडद नाही. माझ्या फुलांत बहुतेक एका किनाचाही दम नव्हता.

सावलीत वाळत घातलं. नातीनं विचारलं, "आजी, हा कलर जाईल?"

"जाईल ना."

"मग?"

मग काय? तिला उत्तर देताना माझ्याच लक्षात आलं की याकामोची, विश्वनाथ आणि आजी यांनी जे सांगितलं त्यात एक गोष्ट राहून गेली होती. पुडीतला रंग यायच्या आधी कुसुंबी नेसणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक होतं की तो जाणार. तरी ते तो लावत होते, कारण गेला की पुन्हा लावत. सण आला की फुलं काढायची, पिवळं धुऊन टाकायचं, लिंबं पिळायची. आजीच्या बासनाचा रंग माझ्या सोड्यानं एका तासात गेला, हे खरं. पण त्याआधीच तो फिका झाला होता, कारण आजीच्या आईनंतर आमच्या घरात कुणी तो पुन्हा लावलाच नव्हता. आजीनं नाही, आईनं नाही, मी तर नाहीच. तो प्रकार त्या बादलीच्या कितीतरी आधीचा.

पोथी आता पुन्हा त्याच बासनात आहे. सोड्यापासून लांब ठेवा, अशी चिठ्ठी मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे, पण त्यावर फारसा भरवसा नाही. त्यापेक्षा वाळलेल्या पाकळ्यांची एक बरणी ठेवली आहे, आणि पुढच्या माघात वर्ध्याला जायचं नातीला कबूल केलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी कळवा. पहाटे साडेपाचला धुऱ्यावर, हाताला गुंडाळायला जुनी फडकी घेऊन.